निम्म्याचं निम्मं

“मग काय, विरजणाला पाय फुटले?” महाराजांनी विचारलं.

“तेच तर सांगायलेय महाराज! सकाळधरून सांगायलेय. पण माझं कुणी खरं धरील तर शपथ! म्या म्हणलं, गाडग्यात विरजण होतं, झाकून ठिवलं होतं. कारभारी म्हणतेत, नव्हतंच. म्या म्हणलं, रोज थोडं थोडं कमी व्हायलंय. कारभारी म्हणतेत, मांजर. आता मला सांगा, मांजर झाकण काढून खाती, अन् खाऊन झाल्यावर पुन्हा झाकण लावून ठिवती व्हय? असली गुणाची मांजर असती तर म्या तिला भाकरी थापायला बसवलं असतं!”

सोजराबाई थांबली ती दम लागला म्हणून. बोलणं संपलं म्हणून नव्हे.

तिच्या हातात रिकामं गाडगं होतं. ते तिनं धुनीपाशी, महाराजांच्या पुढ्यात ठेवलं. ठेवलं म्हणजे आदळायचं तेवढं बाकी राहिलं.

दौलतगीर महाराजांनी गाडग्यात डोकावून पाहिलं.

मग धुनीतलं एक लाकूड सरळ केलं.

महाराजांचं असंच होतं. काही विचारलं की आधी लाकूड सरळ करायचे. पुष्कळदा तेवढंच उत्तर असायचं. लांबून लांबून आलेली माणसं त्या लाकडाकडं बघून डोळे पुसत मठाचा माळ उतरायची. सोजराबाईला मात्र याचा राग यायचा. लाकूड तर तीसुद्धा सरळ करत होती की, रोज, चुलीतलं. तिच्या पाया पडायला कुणी आलं नव्हतं.

“महाराज, काहीतरी बोला.”

“...”

“बरं, नका बोलू.”

मठाचं विरजण ही साधी बाब नव्हती. मठाच्या मूळपुरुषानं या माळावर पहिल्यांदा धुनी पेटवली, तेव्हा लावलेलं ते विरजण. कालच्या दह्यानं आजचं दूध लागायचं, आजच्या दह्यानं उद्याचं. सकाळी ताक घुसळायच्या आधी वाटीभर दही गाडग्यात काढून ठेवायचं, संध्याकाळी तेच दुधाला लावायचं. मठात येईल त्याला ताक मिळायचं, मग तो जहागीरदार असो की वाट चुकलेला मेंढका.

आणि गावात नवी सून आली की तिला वाटी देऊन मठात धाडायचे. मठातलं चमचाभर विरजण नेऊन तिनं घरी दूध लावलं, की त्या दिवसापासून चूल तिची. सासूनं मग तोंड घालायचं नाही. निदान तशी रीत होती. तोंडं काय, रीतीला विचारून थोडीच चालतात!

मठाची अजून एक रीत होती. विरजण द्यायचं. मागायचं नाही. कधीच, कुणाकडंच.

आज सकाळी सुताराची नवी सून वाटी घेऊन आली होती. सोजराबाईनं गाडग्याचं झाकण काढलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. ताक तर घुसळून झालेलं, लोणी वर आलेलं. पोरगी रिकामी वाटी घेऊन माळ उतरली. गावानं ते पाहिलं.

उन्हं डोक्यावर यायच्या आत गावात बोभाटा झाला. सोजराबाईनं मठाचं विरजण संपवलं. सांगणारे मुंजाजी कारभारी होते. मठाचा सगळा कारभार त्यांच्या हातात, आणि त्यांची मेहुणी स्वयंपाकाला रिकामी. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

नवऱ्याच्या माघारी सोजराबाई या चुलीपाशी आली होती. दुसरी चूल तिला नव्हती. आणि समजा मठातून जावं लागलं, तर जायचं खालच्या गावातच. तिथं प्रत्येक घरातली बाई तिच्याकडं बोट दाखवून लेकीला सांगणार, ती बघ, हिनं संपवलं.

“महाराज,” धुनीपलीकडून मुंजाजी कारभारी म्हणाले, “बाईला आता मोकळं करा. वय झालं. ध्यान राहत नाही.”

“वय कुणाचं झालं?” सोजराबाई गर्रकन वळली. “तुम्ही काल एक वहाण स्वतःची अन् एक पुजाऱ्याची घालून गाव फिरून आलात. अन् माझं वय झालं?”

“बघा महाराज, तोंड बघा.”

“बघतोय,” महाराज म्हणाले.

“हिनंच विरजण संपवलं. दुसरं कोण?”

तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं.

“कारभारी, क्षमा करा, पण ‘संपवलं’ हे चूक आहे.”

सोजराबाईनं मान वळवली. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलतंय या आशेनं वळवली, आणि कोण ते बघून पुन्हा सरळ केली.

ते त्र्यंबकशास्त्री धामणगावकर होते. शहरातल्या मोठ्या शाळेत त्यांचा जन्म गेला होता. व्याकरणही शिकवायचे आणि गणितही. जगात जाणून घेण्यासारखं याच्यापलीकडं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. तरीपण म्हातारपणी वाटलं, एखादा गुरुमंत्र घेऊन ठेवावा. मठात येऊन त्यांनी मंत्र मागितला. महाराज म्हणाले, थांबा. तेव्हापासून शास्त्री थांबले होते. थांबले होते आणि जेवत होते.

जेवताना ते शिकवायचे. सांत म्हणजे ज्याला शेवट आहे ते, अनंत म्हणजे ज्याला नाही ते. हे त्यांनी कारभाऱ्यांना शिकवलं, पुजाऱ्याला शिकवलं, आणि एकदा कुणीच नव्हतं म्हणून मठाच्या बैलाला शिकवलं. सोजराबाईनं ते स्वतः ऐकलं होतं. बैलानं निदान मधेच शंका काढली नाही.

“काय चूक आहे शास्त्रीबुवा?” कारभारी अदबीनं म्हणाले. शिकलेल्या माणसापुढं कारभारी नेहमी जरा वाकूनच असत.

“विरजण संपलं नाही. संपू शकतच नाही. ते अनंत आहे.”

“ह्यात?” सोजराबाईनं गाडगं उचलून उपडं केलं. त्यातून काही पडलं नाही.

“बाई, उपडं करून अनंत पडत नसतं.”

“मग कसं पडतं?”

“ते पडतच नाही. नीट ऐका. एक भाकरी घ्या. तिच्यातली निम्मी उचलली. किती राहिली?”

“निम्मी.”

“त्यातली निम्मी उचलली?”

“चतकोर.”

“त्यातली निम्मी?”

“नितकोर. मग तुकडा. मग चुरा. मग ती मुंगी घेऊन जाती. झाली भाकरी.”

“मुंगी गणितात येत नाही,” शास्त्री चिडून म्हणाले.

“गणितात येत नसंल. डब्यात येती.”

महाराजांच्या मिशा जराशा हलल्या. हसू असेल. धूरही गेला असेल नाकात.

“मुद्दा असा आहे,” शास्त्री महाराजांकडं वळले, “की निम्म्याचं निम्मं घेत गेलं, तर काही ना काही मागं उरतंच. कायम उरतं. शून्य कधी होत नाही. ह्या गणितावर माझा इतका भरवसा आहे, की मी स्वतः दरवेळी अगदी काळजीपूर्वक निम्मंच...”

शास्त्री थांबले.

धुनी चटचटली.

“निम्मंच काय?” सोजराबाईनं पदर खोचला.

शास्त्रींनी धुनीकडं नजर वळवली.

“निम्मंच काय, शास्त्रीबुवा?”

महाराजांनी हात वर केला. सोजराबाई गप्प झाली. तिला गप्प बसवणारा तेवढा एकच हात त्या माळावर होता.

“शास्त्री,” महाराज म्हणाले, “तुम्ही विरजण खाल्लं?”

शास्त्री ताठ उभे राहिले. उपरणं नीट केलं. सगळा जन्म ज्यानं पोरांना प्रश्न विचारले, त्याला आज कुणीतरी प्रश्न विचारत होतं.

“महाराज, त्याचं असं झालं. सकाळी स्नान करून, संध्या आटोपून, स्वयंपाकघराकडं जाऊन, कुणी आहे का पाहून, गाडग्याचं झाकण काढून, किंचित साखर घालून, निम्मं मागं ठेवून, पुन्हा झाकून...”

“पुढं?”

“पुढं थोड्या वेळानं परत येऊन, उरलेल्यातलं निम्मं मागं ठेवून, झाकून...”

“पुढं?”

“पुन्हा येऊन, बोटानं निपटून, त्यातलंही निम्मं...”

“अहो पण खाल्लं का नाही!” सोजराबाईला राहवेना. “नुसतं जाऊन, येऊन, झाकून, निपटून! ह्या बोलण्याला काही बूड हाय का नाही?”

“बाई, तुम्हाला व्याकरण ठाऊक नाही, म्हणून त्रास होतो,” शास्त्री सौम्यपणे म्हणाले. “‘जाऊन’, ‘येऊन’, ‘ठेवून’ ही धातुसाधितं. यांनी वाक्य पुरं होत नाही, उघडंच राहतं. वाक्य पुरं करायला क्रियापद लागतं. ‘खाल्लं’ हे क्रियापद. ते मी वापरलेलं नाही.”

“तोंड वापरलंत का?” महाराजांनी विचारलं.

“तोंड... मध्ये आलं.”

सोजराबाईनं दोन्ही हात कारभाऱ्यांपुढं नाचवले. “ऐकलं? ऐकलं का आता? सापडलं की न्हाई तुमचं मांजर? उपरण्याचं मांजर!”

आता तरी आपलं खरं होईल असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

पण मुंजाजी कारभाऱ्यांनी डोकं खाजवलं, विचार केला, आणि म्हणाले, “पण शास्त्रीबुवांच्या हिशोबानं तर ते उरायला पाहिजे.”

“अगदी बरोबर,” शास्त्री म्हणाले.

“दरवेळी निम्मं मागं ठेवलं, म्हणजे निम्मं होतंच.”

“होतंच.”

“मग जे उरलं होतं ते कुणी संपवलं? बाईनं!”

सोजराबाई मटकन खाली बसली. त्या माणसानं चाटून पुसून खाल्लं होतं, आणि खाल्ल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. तरी नाव तिचंच होत होतं. भांडायला तोंड असून उपयोग नव्हता. समोरच्याला कान पाहिजेत.

“महाराज,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्हाला तरी माझं खरं वाटतंय का?”

महाराजांनी रिकामं गाडगं ओढून घेतलं. आत पाहिलं. मग शास्त्रींकडं पाहिलं.

“शास्त्री, यात आहे?”

“आहे महाराज.”

“दिसत नाही.”

“अनंत दिसत नसतं. ते सिद्ध करावं लागतं.”

“सोजरा,” महाराज म्हणाले, “दूध आण. कोमट.”

सोजराबाई उठली. दूध घेऊन आली. महाराजांनी बोट घालून ऊब पाहिली आणि सगळं दूध त्या रिकाम्या गाडग्यात ओतलं. वर झाकण ठेवलं. आणि गाडगं उचलून शास्त्रींच्या हातात दिलं.

“घ्या. सिद्ध करा.”

“म्हणजे?”

“आत विरजण आहे ना? मग सकाळपर्यंत लागेल दही.”

शास्त्रींनी गाडग्याकडं पाहिलं. फळ्यावर बरंच काही सिद्ध केलं होतं त्यांनी. गाडग्यात कधी केलं नव्हतं.

“लागलं, तर सकाळी मंत्र देतो,” महाराज म्हणाले.

शास्त्रींचा चेहरा उजळला.

“आणि बाई?” कारभारी पुढं सरकले. “विरजण होतंच, तरी सुताराच्या सुनेला परत धाडलं, असं ठरलं तर मग?”

“तर बाई जाईल,” महाराज म्हणाले.

“आन् नाही लागलं तर?” सोजराबाईनं विचारलं.

महाराजांनी लाकूड सरळ केलं.

सोजराबाईनं संध्याकाळच्या भाकरी थापल्या त्या अशा, की आवाज खालच्या गावात जावा. मग आपल्या खोलीत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. दोन लुगडी, तांब्या, आणि रवी. रवी मठाची नव्हती, तिची स्वतःची होती. ती कारभाऱ्यांच्या मेहुणीच्या हाती लागू द्यायची नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं.

गाठ मारता मारता तिचा हात थांबला.

नाही लागलं दही, तर शास्त्री खोटे पडतील. आपण राहू. पण विरजण? ते तर मग खरोखरच गेलं. मूळपुरुषापासून चालत आलेलं, ते आपल्या हातातून गेलं. उद्या कशाचं ताक घुसळायचं? आणि त्या सुताराच्या सुनेनं कुणाकडं जायचं?

आणि लागलं, तर विरजण राहील. आपण जाऊ.

सोजराबाईनं जरा वेळ गाठोड्याकडं पाहिलं. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि उठून शास्त्रींच्या खोलीशी गेली.

शास्त्री गाडग्यापुढं मांडी घालून बसले होते. गाडगं घोंगडीत गुंडाळलेलं. शास्त्री त्याच्याकडं असे बघत होते, जसं पोरगं परीक्षेच्या निकालाकडं बघतं.

“गाडग्याला हलवू नका,” ती दारातून म्हणाली. “सारखं झाकण काढून बघू नका. लागंल ते.”

शास्त्री दचकले. “काय म्हणालात?”

“लागंल म्हणलं. तुमचं गणित खरं निघंल. झोपा निवांत.”

“बाई, टोमणे मारू नका.”

“टोमणा नाही ओ. खरंच बोलायलेय. लागू दे, असंच म्हणायलेय मी.”

“तुमचा यात तोटा आहे. तोटा असताना माणूस असं बोलत नाही. तर्काला धरून नाही ते.”

“तुमचा तर्क तुमच्यापाशी ठिवा. पण त्याला हात लावू नका.”

शास्त्रींना तिचं खरं वाटलं नाही. ते तिला चेहऱ्यावरच दिसलं. तिला नवल वाटलं नाही. त्या दिवशी तिनं एवढं खरं बोलून पाहिलं होतं, की आता एखादं खोटं बोलून बघावं असं तिच्या मनात आलं.

जाताना तिनं गाडग्याकडं बघून तोंडातल्या तोंडात म्हटलं, “लाग बाई, लाग.”

सकाळी सगळे धुनीपाशी जमले.

शास्त्री गाडगं घेऊन आले. डोळे तांबडे, उपरणं उलटं. गाडगं महाराजांच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन पावलं मागं सरकून उभे राहिले. मंत्र घ्यायला आलेला माणूस पुढं सरकतो. हे सोजराबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

महाराजांनी झाकण काढलं.

कारभाऱ्यांनी वाकून पाहिलं. “लागलं!” ते ओरडले. “लागलं महाराज! घट्ट दिसतंय की! शास्त्रीबुवा, धन्य आहे!”

शास्त्री आणखी एक पाऊल मागं सरकले.

सोजराबाईनंही वाकून पाहिलं. आणि नाकाला पदर लावला.

वर पांढऱ्या गुठळ्या. खाली हिरवट पाणी.

“आवो, घट्ट कसलं! फाटलंय ते!”

“फाटलं म्हणजे?”

“म्हणजे फाटलं! नासलं! आता हे दही नाही अन् दूधबी नाही.”

महाराजांनी गाडग्यात दोन बोटं घातली. काहीतरी चिमटीत धरून बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं.

“शास्त्री, हे काय?”

शास्त्रींनी लांबूनच पाहिलं. “बी... बी दिसते.”

“कशाची?”

“लिंबाची.”

“दह्याला बिया कधीपासून धरायला लागल्या?”

कारभारी वाकलेले होते ते तसेच राहिले.

शास्त्रींनी उपरणं नीट केलं. ते उलटं होतं, नीट करून आणखी उलटं झालं.

“महाराज, पहाटे उठून, घोंगडी सोडून, झाकण काढून, बोट घालून, पातळच आहे असं पाहून, घाबरून, परसात जाऊन, लिंबू तोडून, कापून, पिळून, ढवळून, पुन्हा झाकून...”

“अगं आई!” सोजराबाई म्हणाली. “अजून माणूस एक वाक्य मिटवंना झालाय!”

महाराजांनी ती बी धुनीच्या कडेला ठेवली.

“तुमच्या गणितात चूक होती?”

“नाही महाराज!” शास्त्री एकदम ताठ झाले. “गणित बिनचूक आहे. निम्म्याचं निम्मं कधीच शून्य होत नाही. त्याला कुणीही धक्का लावू शकत नाही.”

“मग आत विरजण होतं.”

“होतं.”

“मग लिंबू कशाला?”

शास्त्रींनी तोंड उघडलं.

मिटलं.

पुन्हा उघडलं.

“समजा... नसतं लागलं, तर?”

बाहेर बैलानं शेपटीनं माशी मारली.

आणि सोजराबाईला हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. तिनं तोंडात पदर कोंबला, तरी थांबेना.

“म्हणजे माझंच नाही!” ती हसत हसत म्हणाली. “माझं कुणी खरं धरत नाही म्हणून म्या रडत होते. ह्यांचं तर ह्यांनासुद्धा खरं वाटत नाही!”

हसता हसता तिची नजर गाडग्यात गेली. ते हिरवट पाणी. ते फाटलेलं दूध.

तिचं हसू बंद झालं.

लागलं असतं का? काय माहीत. लागलंही असतं. आता ते कळायचं नव्हतं. जे काही होतं-नव्हतं ते कालपर्यंत होतं. आज मात्र खरोखरच काही नव्हतं. तिनं गाडग्याच्या काठावरून हात फिरवला. आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा.

“गेलं महाराज,” ती म्हणाली. “एवढ्या जणांनी सांभाळलं. अन् माझ्या पाळीला गेलं.”

“म्हणून म्हणतो, बाईच्या हयगयीनं...” कारभाऱ्यांनी सुरुवात केली.

महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं.

कारभाऱ्यांनी ते वाक्य सोडून दिलं. शास्त्रींच्या संगतीनं त्यांनाही अर्धं सोडायची सवय लागली होती.

“सोजरा, गावात किती घरी आपलं विरजण गेलंय?” महाराजांनी विचारलं.

“किती म्हणजे? नवी सून आली नाही असं घर हाय का गावात? घरोघर गेलंय.”

“अजून लागतं तिथं दही?”

“न लागून काय करील? रोज लागतंय. सुताराच्या घरीच काय ते...” तिनं जीभ चावली.

“मग वाटी आण.”

सोजराबाई बघतच राहिली. मग ताडकन उठली, आत गेली, आणि पितळी वाटी घेऊन आली. येता येता ती पदरानं पुसली.

महाराजांनी ती वाटी शास्त्रींच्या हातात ठेवली.

“जा. मागून आणा.”

“महाराज!” कारभारी कळवळले. “मठ मागत नाही! मूळपुरुषापासूनची रीत आहे!”

“मठ कुठं जातोय? शास्त्री जातायत.”

“पण महाराज,” शास्त्रींनी वाटी दोन्ही हातांत धरली, “मी... मी आयुष्यभर दिलं आहे. विद्या दिली. कुणाच्या दारात उभा राहिलेलो नाही.”

महाराजांनी लाकूड सरळ केलं.

“निदान एखाद्याच घरी गेलं तर?”

“सगळ्या घरी,” महाराज म्हणाले. “आणि कारभारी, तुम्ही सोबत जा. काल ज्या ज्या दारात बाईचं नाव सांगितलंत, ती दारं ह्यांना दाखवा.”

कारभाऱ्यांना एकाएकी खोकला आला. कुणी पाणी दिलं नाही.

शास्त्री निघाले. धुनीला वळसा घालून पायरीपर्यंत गेले. तिथं थांबले आणि मागं फिरले.

“महाराज, मंत्राचं?”

“आधी दही लागू द्या.”

शास्त्रींनी मान हलवली. मग वाटीकडं बघत म्हणाले, “दारात उभं राहून, वाटी पुढं करून...”

“करून?”

“‘मठाचं विरजण संपलं. थोडं द्या.’ असं म्हणतो.”

“म्हणा.”

शास्त्रींना जरा हायसं वाटलं. वाक्य तसं वाईट नव्हतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. त्यांनी पायरीवर पाऊल टाकलं.

सोजराबाई आडवी आली. दोन्ही हात कमरेवर.

“आन् त्या बाया विचारतील की, कुणी संपवलं? तवा?”

“तेव्हा... तेव्हा सांगीन, की होता होता संपून...”

“‘संपून’ काय? गावभर माझं नाव झालंय शास्त्रीबुवा. पाण्याला गेले तरी बाया घागर उचलून बाजूला होतात. तुम्ही ‘होता होता’ म्हणून निघून याल, अन् मी राहीन तशीच. नाव सांगितल्याबिगर मी पायरी सोडायची नाही. मला ढकलून जा.”

सोजराबाईला ढकलायचं म्हणजे मठाची भिंत ढकलण्यासारखंच होतं.

शास्त्रींनी कारभाऱ्यांकडं पाहिलं. कारभारी आभाळाकडं पाहत होते.

शास्त्रींनी महाराजांकडं पाहिलं. त्यांचा आवाज एवढासा झाला होता, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराचा असतो तेवढा.

“कुणी संपवलं म्हणून विचारलं, तर काय सांगू महाराज?”

दौलतगीर महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“आडनावासकट सांगा,” ते म्हणाले. “त्र्यंबकशास्त्री धामणगावकर.”